झोप येत नाही? गजर झोपण्याचा नको, उठण्याचा लावा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. ८.३० ला दुसरा भोंगा होईपर्यंत ते बंदच ठेवायचे. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून ग्रामसभेने हा तोडगा काढला. साधारण तीन हजार वस्तीच्या या गावाची बातमी तेव्हा देशभर गेली.

हा निर्णय मुलांच्या अभ्यासासाठी होता, झोपेचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरी रात्री डोळे टक्क उघडे ठेवून पडणाऱ्यांनी त्यातून एक गोष्ट घ्यावी. ‘मोबाइल कमी वापरा’ असा नुसता उपदेश करण्याऐवजी गावाने घड्याळ ठरवून दिलं. निद्रानाशावर गोळीशिवाय जे उपाय खरोखर लागू पडतात, तेही बहुतेक घड्याळाचेच आहेत. दुधातलं जायफळ आणि उशाशी ठेवायचे सुगंध त्यांच्या फार मागे राहतात.

झोप उडते एका कारणाने, परत येत नाही दुसऱ्याच

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पाटण तालुक्यात कोयना धरणातून विसर्ग वाढला की ते पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखाली येतं. तिथे ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. अशा रात्री नदीकाठच्या घरात कुणी झोपत नाही, झोपूही नये. ‘आता किती फूट?’ हा प्रश्न दर तासाला मोबाइलवर फिरत असतो. मेंदू पहाऱ्यावर असतो आणि त्या वेळी त्याचं तेच काम असतं.

अडचण पुढे सुरू होते. पाणी ओसरतं, घर धुऊन होतं, पण झोप काही परत येत नाही. पुराच्या जागी घरातलं आजारपण, नोकरी जाणं, कर्जाचा हप्ता किंवा मुलीचं लग्न काहीही घाला, गोष्ट तीच राहते. काही रात्री खराब जातात. मग माणूस भरपाई करायला निघतो. रात्री लवकर आडवं होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी दोन तास काढतो. संध्याकाळ झाली की ‘आज तरी लागेल का?’ ही धास्ती सुरू. मूळ कारण केव्हाच गेलेलं असतं, ही भरपाईच पुढे झोप अडवून धरते. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने असं चाललं, दिवसाच्या कामावरही त्याचा परिणाम होऊ लागला, की डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

टाकी आणि घड्याळ

आपली झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. गच्चीवरची टाकी दिवसभर भरत राहावी तसं समजा. टाकी भरली की रात्री नळाला जोर येतो. दुपारी दोन तास झोपणं म्हणजे भरत आलेली टाकी चार वाजताच अर्धी रिकामी करणं.

दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते पेशींच्या आत चालतं. ते कसं चालतं याचा फळमाशीवर अभ्यास करून उलगडा केल्याबद्दल तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज थोडं मागेपुढे होतं आणि प्रामुख्याने सकाळच्या उजेडाने जुळवलं जातं.

आता यातली मेख. ‘आज दहाला झोपायचंच’ असं ठरवून झोप येत नाही, कारण झोप लागणं आपल्या हातात नाही. उठणं मात्र हातात आहे. म्हणून पहिला उपाय असा की उठण्याची एकच वेळ ठरवा. रात्र कशीही गेली तरी त्या वेळेला उठा, रविवारीसुद्धा. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात जा. साताऱ्यात पहाटे अजिंक्यतारा चढणारे आणि सांगलीत आमराईत फेऱ्या मारणारे व्यायामासाठी जातात, पण घड्याळही तिथेच जुळवून येतात. गडावर जाणं जमत नसेल तर अंगणात किंवा गच्चीत चहा प्यायला तरी चालेल. ढगाळ आभाळाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.

कमी वेळ अंथरुणात

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो, म्हणून बहुतेक जण तो करून पाहत नाहीत. रात्री ९.३० ला पडून सकाळी ५.३० ला उठणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात साडेपाच तासच झोप लागत असेल, तर अंथरुणातले अडीच तास तो फक्त कूस बदलतोय. त्याने काही दिवस रात्री १२ ला झोपायला जायचं आणि ठरल्याप्रमाणे ५.३० लाच उठायचं. झोप तुटक राहण्याऐवजी एकसंध होऊ लागते. अंथरुणातला जवळपास सगळा वेळ झोपेत जाऊ लागला, की आठवड्याला पंधरा मिनिटं आधी झोपायला जायचं. साडेपाच तासांपेक्षा कमी वेळ स्वतःच्या मनाने ठरवू नये. पहिला आठवडा जड जातो, दिवसा डुलक्या येतात. त्यामुळे वाहन चालवणाऱ्यांनी, मशीनवर काम करणाऱ्यांनी आणि फिट किंवा बायपोलरसारखा आजार असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

याला जोडूनच तिसरा नियम. झोप लागत नाही असं वाटलं की अंथरुणात झगडत राहू नका. उठून सोप्यावर जाऊन बसा, मंद दिव्यात काहीतरी साधं, कंटाळवाणं करा. कोथिंबीर निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. डोळे मिटायला लागले की परत या. एका खोलीचं घर असेल तर भिंतीला टेकून बसलं तरी पुरे. किती वाजले ते मात्र पाहू नका. ‘तीन वाजले, आता अडीच तासच उरले’ हा हिशेब सुरू झाला की झोप संपलीच. आणि वेळ पाहायला मोबाइल उचलला तर पुढचा अर्धा तास तोच खातो. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाचा बाऊ जरा जास्तच झाला आहे. खरा त्रास त्यावर दिसणाऱ्या गोष्टींचा आणि ‘आणखी एकच व्हिडिओ’चा असतो.

या सगळ्या पद्धती एकत्र करून सहा ते आठ आठवड्यांचा एक उपचार तयार झाला आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. आपल्याकडे डॉक्टरकडे गेलेला रुग्ण चिठ्ठी घेऊनच बाहेर पडतो, ही खेदाची गोष्ट आहे.

चहा, मिसरी आणि ‘थोडीशी’

चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं त्या ॲडेनोसिनच्या आड येतं. शरीरातून ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला भडंगासोबत घेतलेला कडक चहा रात्री अकराला निम्मा अंगात असतो. ज्यांची झोप बिघडली आहे त्यांनी दुपारनंतर चहा बंद करून पंधरा दिवस पाहावं.

मिसरीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सातारा-सांगलीच्या खेड्यांत अनेक बायका रात्री झोपताना मिसरी लावतात, मध्येच जाग आली तरी लावतात आणि ‘त्याने बरं वाटतं’ म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटीन मेंदूला जागं करतं. बरं वाटतं ते तलफ भागल्यामुळे. दारूचंही तसंच आहे. ‘थोडीशी’ घेतली की झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री तुटते आणि घोरणं वाढतं.

हळदीच्या दुधाचं काय?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रंग-वास उत्तमच आहे. पण हळदीच्या दुधाने निद्रानाश जातो याला भक्कम पुरावा नाही. आवडत असेल तर प्या. जायफळ चिमूटभर ठीक, पण ‘जास्त घातलं की जास्त झोप’ हे खरं नाही. चमचा-दोन चमचे जायफळ विषासारखं चढतं, त्यातून भ्रम होतात आणि छाती धडधडते. अश्वगंधाच्या काही छोट्या चाचण्यांत थोडा गुण दिसला आहे. मात्र गरोदर बायकांनी आणि थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नये.

आजीच्या काशाच्या वाटीला मात्र आधार सापडतो. तळपाय ऊबदार झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने केलेली आंघोळही हेच काम करते.

डॉक्टर कधी?

जोरात घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, पायांत रात्री तळमळ होत असेल, मन सतत उदास असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर घरचे उपाय करत थांबू नका. ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी घेऊ नका. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठी लागते आणि दुकानदाराला नोंदही ठेवावी लागते. आधीपासून चालू असलेली गोळीही एकदम सोडायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची.

आणि रात्रीची लाइट?

वरचा सगळा सल्ला ज्याच्या पुढे फिका पडतो, तो माणूस या दोन जिल्ह्यांत घरोघरी आहे. शेतीपंपांची थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की उसाला पाणी पाजायला शेतकरी बॅटरी घेऊन सरीत उभा असतो. पायाखाली साप, आणि कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्या. त्याला ‘रोज एकाच वेळी उठा’ हे कसं सांगणार? त्याचं शरीराचं घड्याळ वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकावर टांगलेलं आहे.

त्याच्यासाठी एवढंच करता येतं. पाळीच्या संध्याकाळी दीड तास झोपून जायचं, परत आल्यावर खिडकीला जाड चादर लावून अंधारात झोपायचं, आणि सकाळी डेअरीला दूध घालायला गाडी काढण्यापूर्वी वीस मिनिटं तरी डोळे मिटायचे. हा जुगाड झाला, उपाय नव्हे. उपाय दिवसा वीज देण्याचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात महावितरणसमोर धरणं धरलं ते याच मागणीसाठी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. दोन्हींचं आश्वासन शेतीला दिवसा वीज देण्याचंच आहे. या योजनेची प्रगती मेगावॉटमध्ये सांगितली जाते. कोणत्या गावात रात्रीची पाळी कायमची बंद झाली, याची यादीही तालुकावार लावायला हवी.