दोन डॉक्टर, एक वही



रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसल्याखेरीज व्यापारी स्वस्थ झोपत नाही. प्रकृतीच्या बाबतीत मात्र हृदयाची फाइल एका कपाटात आणि कान-नाक-घशाची दुसऱ्यात, अशी आपली रीत असते. तिचे मोल काय पडू शकते, हे गेल्या हिवाळ्यात आमच्या व्याह्यांच्या घरी पाहिले.

व्याह्यांच्या हृदयवाहिनीत चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला होता. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या चालू होत्या. सर्दी झाली, तेव्हा त्यांनी दुकानातून नाक मोकळे करणारी गोळी आणली. तिसऱ्या दिवशी घोळणा फुटला. रक्त पाहून ते घाबरले आणि ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचाच हा दोष’ असे ठरवून दोन्ही गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या.

सूनबाईंच्या हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले आणि त्यांनी तत्काळ हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, “नाकातले रक्त बहुधा थांबवता येते, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर प्राणावर बेतते. गोळ्या आत्ताच सुरू करा.” नाकाच्या डॉक्टरांनी रक्त येणारी केशवाहिनी शोधून तिथेच बंद केली. रक्तदाबही वाढलेला आढळला. सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन यांसारखी द्रव्ये रक्तवाहिन्या आकुंचित करतात व त्यामुळे दाब वाढू शकतो, हे तेव्हा आम्हांस कळले. पुढे दोन्ही डॉक्टर पाच मिनिटे आपसांत बोलले आणि उपचाराची दिशा ठरली. हे पाच मिनिटांचे बोलणे आधी का झाले नाही? कारण स्टेंटची गोष्ट औषधाच्या दुकानात कोणी सांगितलीच नव्हती.

मेळ न घातल्याची उदाहरणे आणखीही आहेत. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या औषधाने काहींना कोरडा खोकला लागतो आणि रुग्ण महिनोन्महिने घशाचेच उपचार करीत राहतो. जोराने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे ही घरात थट्टेची बाब होते. पण त्यातूनही रक्तदाब व हृदयाचा भार वाढतो.

घोळणा फुटल्यास ताठ बसावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे सलग दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. डोके मागे टाकू नये. तरीही रक्त थांबले नाही, तर रुग्णालय गाठावे.

आपल्या घरांसाठी एक विशेष सूचना. चोविहार पाळणाऱ्यांची रात्रीची गोळी नकळत गळते, उपवासात तर सगळ्याच गळतात. नियम मोडा असे मी म्हणत नाही. नियम डॉक्टरांना आधी सांगा. गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल का, हे तेच ठरवतील.

म्हणून एक छोटी वही करा. औषधाचे नाव, मात्रा, वेळ, कोणी दिले आणि कशासाठी, एवढ्या नोंदी पुरेत. कोणत्याही डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात जाताना ती बरोबर न्या. दुकानाच्या वहीत चूक राहिली तर ती पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येते. या वहीत तशी सवलत नाही.

जय जिनेंद्र.