कॅमेरा कोणाच्या हातात?

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. त्या दिवशी एका संस्थेचे दोन तरुण कार्यकर्ते फिल्म काढायला आले होते. गटातल्या एका मावशींनी कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं, मग दुसरं घेतलं. आज त्या तीन मुलींना काम देतात. मावशींनी सुरुवात केली ती हिशेबापासून. हप्ता किती, कापड कुठून आणते, दिवाळीत किती ब्लाऊज शिवते. तोच एक मुलगा म्हणाला, ‘मावशी, हे नंतर घेऊ. काका गेले तेव्हाचं सांगा ना.’ सांगताना मावशींना रडू फुटलं आणि कॅमेरा नेमका तेव्हाच जवळ आला.

चार महिन्यांनी फिल्म सगळ्यांच्या मोबाइलवर आली. त्यात रडणं होतं, संस्थेचं नाव होतं आणि शेवटी दहा सेकंद मशीन. मावशी मला म्हणाल्या, ‘अहो ताई, मी इतकी वर्षं रडत नव्हते हो बसले. काम करत होते!’

मैत्रिणींनो, आज हे गावोगावी चाललं आहे. संस्थांचीही अडचण खोटी नाही. त्यांना पैसा लागतो आणि देणगीदार दूर शहरात असतो. शंभर पानी अहवाल कोण वाचतो? तीन मिनिटांची फिल्म मात्र पाहिली जाते. पण बाईला उभं करणं हे ज्या संस्थेचं ध्येय, तिच्याच फिल्ममध्ये बाई बिचारी होऊन बसते. देणगी मिळते, ध्येय मात्र बाजूला राहतं.

हे असंच व्हायला हवं का? मुळीच नाही. मोबाइल नव्हते तेव्हाची एक गोष्ट सांगते. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट तिथे आल्या आणि त्यांनी सेवाच्या बायकांना व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकवलं. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. त्यातूनच ‘व्हिडिओ सेवा’ सुरू झालं. बाजारात बसणाऱ्या बायकांचे प्रश्न त्यांनी स्वतः टिपले. या फिल्म अधिकाऱ्यांना दाखवल्या गेल्या, तशाच वस्त्यावस्त्यांतून दुसऱ्या बायकांनाही दाखवल्या गेल्या. आपल्यासारखीच एक बाई पडद्यावर बोलते आहे, हे पाहणारीला कळत होतं. त्यात दया नव्हती, ओळख होती.

आपल्या शेजारच्या गोव्यातून काम उभं केलेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने हाच धागा पुढे नेला. २०१० साली त्यांनी ‘इंडिया अनहर्ड’ हा उपक्रम सुरू केला. देशभरातल्या गरीब वस्त्यांतल्या, दलित-आदिवासी समाजातल्या माणसांना, त्यांत कितीतरी बायकांना, त्यांनी वार्ताहर म्हणून तयार केलं. बंद पडलेला हातपंप असो की न मिळणारं रेशन, फिल्मच्या शेवटी जबाबदार अधिकाऱ्याला फोन करा असं आवाहन असे. काम झालं की त्याची दुसरी फिल्म निघे. म्हणजे फिल्म रडून संपत नव्हती, काम होईपर्यंत चालत होती.

२००६ साली बंगळूरच्या एका संशोधन प्रयोगशाळेत ‘डिजिटल ग्रीन’ सुरू झालं. तिथे गावच्याच शेतकऱ्याची फिल्म काढून ती गावातच दाखवत. मध्ये थांबवून प्रश्नोत्तरंही होत. पाहणारे आधी काय विचारत माहीत आहे? हा माणूस कोण, कुठल्या गावचा? तो आपल्यातला आहे असं कळलं की त्याचं सांगणं पटे. सुरुवातीच्या प्रयोगात नेहमीच्या कृषी विस्ताराच्या तुलनेत ही पद्धत खर्चाच्या मानाने दहापट परिणामकारक ठरली.

आता जरा नाजूक बाजू पाहू. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली ग्रामीण बायकांनी ‘खबर लहरिया’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. त्यांच्यावरची ‘रायटिंग विथ फायर’ ही फिल्म २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. सगळीकडे कौतुक झालं. आणि तेव्हाच या पत्रकार बायकांनी जाहीरपणे सांगितलं की, फिल्म प्रभावी आहे, पण ती आमचं पूर्ण चित्र नाही. आमचं काम तिच्यात एकाच बाजूने दिसतं. कौतुकाच्या वेळी असं बोलायला धैर्य लागतं हो! चांगल्या हेतूने, चांगल्या हातांनी केलेली फिल्मसुद्धा आपली गोष्ट वाकडी करू शकते, एवढं यातून घ्यायचं.

म्हणून उद्या कोणी आपल्या दारात कॅमेरा घेऊन आलं, तर लाजू नका. चहा द्या आणि चार प्रश्न विचारा. ही फिल्म कोणाला दाखवणार? तयार झाल्यावर आधी मला दाखवाल ना? मला नको वाटलं तर तो भाग काढाल का? आणि सही घेताय त्या कागदावर काय लिहिलंय, ते माझ्या भाषेत वाचून दाखवाल का? लेकरांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. निराधार किंवा संकटात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी केली आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईचं नाव उघड करणं हाही गुन्हा आहे. ‘चांगल्या कामासाठी’ म्हटलं म्हणून तो माफ होत नाही.

संस्था चालवणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगायचं आहे. जिची गोष्ट आहे, तिला सुरुवात कुठून करायची ते ठरवू द्या. दुःख तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, तिच्या शब्दांत आणि तिला हवं तेवढंच.

आमच्या मावशींनी पुढे काय केलं? गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने मोबाइलवर त्यांची दुसरी फिल्म काढली. सुरुवात अर्थातच हिशेबाच्या वहीपासून. चित्र थोडं हलतं, मागे कुकरची शिट्टीही ऐकू येते. तालुक्याच्या मेळाव्यात ती दाखवली तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. फिल्म संपताच मागच्या रांगेतून एकीने विचारलं, ‘मावशी, दुसऱ्या मशीनचं कर्ज कसं मिळालं तेवढं सांगा ना!’