ट्रेनी आहेस, तर ट्रेनर कुठंय?

धुळ्यात अवधानच्या एमआयडीसीबाहेर चहाच्या टपरीवर विशीतल्या कुणालाही विचारा, 'काय करस रे भाऊ?' उत्तर येतं, 'ट्रेनी शे.' जळगावच्या एमआयडीसीतही तेच. कधीपासून? कुणी आठ महिन्यांपासून, कुणी दोन वर्षांपासून. काय शिकलास, असं विचारलं की पोरगा हसतो.

मीही चौदा महिने ट्रेनी होतो. आयटीआयचा फिटर, जळगावातला एक कारखाना. पहिल्या आठवड्यात एका जुन्या ऑपरेटरनं मशीन दाखवलं. पुढे मशीन माझं, रात्रपाळी माझी, टार्गेट परमनंट माणसाइतकंच. सुट्टी मागितली की 'तू तर ट्रेनी आहेस'. माल कमी निघाला की मात्र हा शब्द कुणालाच आठवायचा नाही.

म्हणून सरळ सांगतो: आपल्याकडे 'ट्रेनी' हे बहुतेक ठिकाणी कमी पगाराचं नाव आहे.

जुनी मराठी जास्त प्रामाणिक होती. उमेद म्हणजे आशा. कायम नोकरी लागेल या आशेवर राबणारा तो उमेदवार. 'उमेदवारीचे दिवस' म्हटलं की हाल चाललेत हे ऐकणाऱ्याला कळायचं. 'ट्रेनी' हा शब्द इस्त्री करून आलेला. गावात सांगायला बरा, लग्नाच्या बायोडेटात लिहायला त्याहून बरा. हाल आतल्या आत राहतात.

अप्रेंटिस वेगळा. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात त्याचा लेखी करार होतो आणि तो नोंदवावा लागतो. ट्रेड ठरलेला, मुदत ठरलेली, किमान विद्यावेतन ठरलेलं. भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस लागलेल्या पोराला आपली शेवटची तारीख माहीत असते. हा कायदा अप्रेंटिसला कामगार मानत नाही, कारण तो शिकायला आलेला असतो. म्हणजे मालकाला सूट मिळते ती शिकवण्याच्या बदल्यात. करार नाही, शिकवणं नाही, आणि सूट मात्र हवी, हा कुठला हिशेब?

हे फक्त माझं म्हणणं नाही. 2003 साली सर्वोच्च न्यायालयात 'त्र्यंबक रबर इंडस्ट्रीज विरुद्ध नाशिक वर्कर्स युनियन' हा खटला निकाली निघाला. कंपनीचं म्हणणं, ही माणसं कामगार नाहीत, ट्रेनी आहेत. न्यायालयाला ते पटलं नाही. सगळं उत्पादन ट्रेनीच काढतात यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि ट्रेनी होते, तर त्यांना शिकवणारे कुठे होते? कामगारांचे हक्क नाकारण्यासाठीच हे नाव दिलं गेलं, असा निष्कर्ष निघाला.

मालक म्हणतात, नवा पोरगा माल खराब करतो, शिकला की पुण्याला पळतो. पहिलं खरं आहे, म्हणून शिकण्याचा काळ असावाच. पण तो किती, हे कागदावर लिहा. आणि शिकलेला पोरगा पळतो तो जास्त पगारासाठी. तो इथं दिला तर कशाला पळेल?

सरकारनंही हाच शब्द उचलला. 2024च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार महिना 6, 8 किंवा 10 हजार रुपये विद्यावेतन ठरलं. पैसे मिळाले तर चांगलंच. पण पोरगं कार्यालयात दिवसभर रिकाम्या जागेवरच्या माणसाचं काम करत असेल, तर विद्यावेतनातली विद्या कोणती?

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. मला शिकवणार कोण? काय शिकवणार? कोणत्या तारखेला मी ट्रेनी राहणार नाही? उत्तरं लेखी मागा, कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. उत्तर मिळालं नाही तर काम घ्यायचं की नाही ते तुमचं पोट ठरवेल, त्याला माझी हरकत नाही. पण मग कुणी विचारलं की स्वतःला ट्रेनी म्हणू नका. कामगार म्हणा. तेच खरं आहे.