आधी सिम, मग पोर्ट

मोबाइलचा रिचार्ज महागला की एक ठरावीक उपदेश सुरू होतो. या वेळी तो करणारे गृहस्थ शिकलेले आहेत, घरखर्चाच्या हिशेबावर नेहमी बोलतात आणि लोक त्यांचं ऐकतात. म्हणूनच गप्प बसवत नाही. त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: सगळ्या कंपन्या एकाच टॉवरवर बसलेल्या आहेत, तेव्हा रेंज सगळ्यांची सारखीच. जिथे प्लॅन स्वस्त तिथे नंबर पोर्ट करावा. शंका असेल तर कंपनीच्या नकाशात आपलं गाव रंगवलंय का ते पाहावं, नाहीतर शेजाऱ्याला विचारावं. नाहीच पटलं तर परत यावं. आधी दुसरं सिम घेऊन नव्या कंपनीची रेंज तपासत बसणं म्हणजे पैसे वाचवण्यासाठी पैसे घालवणं. तो भित्र्या माणसांचा उद्योग.

भित्रं कोण हे ठरवण्याआधी कुणाचं काय पणाला लागलंय ते बघायला हवं. उपदेशकाच्या घरी फायबर आहे, कचेरीत वायफाय आहे. त्यांच्या सिमची रेंज सकाळी गेली तर संध्याकाळपर्यंत त्यांना पत्ताही लागणार नाही. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात एकटी राहणारी म्हातारी बाई मात्र त्याच एका नंबरावर जगते. पेन्शनच्या खात्याचा ओटीपी त्यावर, गॅसचं बुकिंग त्यावरून, रात्री बरं वाटेनासं झालं तर पलीकडच्या वाडीतल्या रिक्षावाल्याला बोलवायचं तेही त्यावरूनच. फोन पडवीच्या खांबाला पिशवीत टांगलेला असतो, कारण घरात तेवढ्या एकाच जागी रेंज येते. रिंग वाजली की बाई हातातलं काम टाकून येते आणि खांबाला टेकून, कानाशी पदर सावरत बोलते. अशी घरं कोकणात किती तरी आहेत. तिचा मुलगा डोंबिवलीत बसून रिचार्जचे पन्नास-शंभर रुपये वाचावेत म्हणून तिचा नंबर दुसरीकडे नेतो आणि तो खांबही निकामी होतो. पन्नास रुपये वाचवणं मला मुळीच हलकं वाटत नाही. पण ते कशाच्या बदल्यात वाचतात, हे आधी बघू नका असं सांगणाऱ्याला मी हिशेबनीस म्हणणार नाही.

‘नाहीच पटलं तर परत यावं’ हे तर साफ चूक आहे. पोर्ट केलेला नंबर नव्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही. दूरसंचार नियामक ट्रायचा नियमच तसा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात नंबर नेला आणि रेंज मिळाली नाही, तर जवळजवळ अख्खा पावसाळा तसाच काढायचा. शिवाय प्रीपेड असेल तर जुन्या सिमवर उरलेला बॅलन्स बुडतो तो वेगळाच. शेजाऱ्याला विचारून भागत नाही, कारण त्याचा फोन वेगळा आणि त्याच्या भिंतीही वेगळ्या. नकाशाचं म्हणाल, तर ट्रायच्या २०२४च्या सेवा-दर्जाच्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यातला रंग हा गणिताने काढलेला आणि मुख्यतः उघड्यावरचा अंदाज असतो. माजघरात काय होईल ते नकाशा सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही. दावा आमचे उपदेशकच करतात.

आता त्या ‘एकाच टॉवर’बद्दल, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. हे अर्धसत्य इतकं पसरलंय की ते एकदा नीट सोडवून दाखवलंच पाहिजे.

टॉवर सामायिक असतो हे खरं. मनोरा, खालची जागा, वीज, बॅटऱ्या, जनरेटर हे सगळं एका टॉवर कंपनीचं असतं आणि मोबाइल कंपन्या तिथे भाड्याने राहतात. पण गावाबाहेरच्या टेकडीवरच्या कुठल्याही मनोऱ्याकडे मान वर करून बघा. उभट, लांबट पांढऱ्या पेट्या दिसतील, त्या अँटेना. एका कंपनीच्या अगदी शेंड्याला, दुसरीच्या त्याखाली पाच-सात मीटरवर, कारण ती नंतर आली आणि वरची जागा गेलेली होती. एकीची पेटी हायवेकडे तोंड करून, दुसरीची बाजारपेठेकडे. एकीचा कल जास्त खाली, म्हणजे जवळच्यांना भरपूर आणि लांबच्या वाडीला काहीच नाही. खोलगट जागेतल्या घराला शेंड्यावरून दिसणारं तोंड पाच मीटर खालून दिसेलच असं नाही. मध्ये एखादी सड्याची कड पुरते. मनोऱ्यावर ढोलकीसारखे गोल डबेही दिसतील. ते पुढच्या मनोऱ्याकडे संदेश नेणारे दुवे. एखाद्या कंपनीने तिथपर्यंत फायबर ओढलेली असते, दुसरी अजून त्या डब्यावरच चालवते. मग रात्री नऊ वाजता गावातले सगळे जण व्हिडिओ बघायला बसले की फोनवर रेंज पूर्ण, पण पान उघडत नाही. मनोरा तोच आणि वेळही तीच, तरी एका कंपनीचं चालतं आणि दुसरीचं चालत नाही.

याहून मोठा फरक डोळ्यांना दिसतच नाही, तो लहरींचा. प्रत्येक कंपनीकडे वेगवेगळे पट्टे आहेत. जिओचं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. बीएसएनएलचं नवं फोरजी ७०० आणि २१०० वर. एअरटेल आणि व्हीआय ९०० आणि त्यावरचे पट्टे वापरतात. ७००, ८५०, ९०० हे खालचे पट्टे लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० किंवा त्यावरचे पट्टे डेटा भरपूर वाहून नेतात, पण जाड भिंतीशी, टेकडीशी, ओल्या दाट झाडीशी ते हरतात. आता कुठल्या मनोऱ्यावर कुठल्या कंपनीने कुठले पट्टे चालू ठेवलेत, हे तुम्हाआम्हाला कोण सांगणार? एकीने त्या मनोऱ्यावर खालचा पट्टा चालवला असेल, दुसरीने नसेल. मग अंगणात दोन्ही सिम सारखी चालतात आणि स्वयंपाकघरात त्यांतलं एकच चालतं.

त्यात परवान्यांचे विभाग. मुंबईचा परवाना वेगळा, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याणपर्यंतचा पट्टा येतो. त्यापुढचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. दोन्हीकडे लहरींचे साठे आणि मनोऱ्यांची दाटी वेगळी. म्हणजे डोंबिवलीतल्या मुलाच्या फोनवर एखादी कंपनी झकास चालते, या अनुभवातून मालवणातल्या आईच्या रेंजबद्दल काहीही निष्पन्न होत नाही.

आणि फोन? तो तर या सिद्धान्तात कुठेच नाही. जिओकडे टूजी नाही. तिथे बोलणंही फोरजीवरूनच होतं. आईकडे साधा टूजीचा बटणांचा फोन असेल तर ते सिम त्यात घालून उपयोग शून्य. ७०० चा पट्टा काही जुन्या फोरजी फोनना पकडताच येत नाही. अशा फोनमध्ये बीएसएनएलचं सिम घातलं की मनोरा समोर उभा असूनही तिथला तो पट्टा त्याच्या लेखी नसतोच. रेंजच्या दांड्यांवरही विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ठरवतो. एका फोनच्या तीन दांड्या दुसऱ्याच्या दोन असतात.

एक अपवाद मी मान्य करतो. सरकारी निधीतून दुर्गम भागांत उभारलेल्या काही मनोऱ्यांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचा सिग्नल वापरता यावा, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. ती वाढावी असंच मला वाटतं. पण मुद्दाम अशी सोय करावी लागली, यातूनच दिसतं की एरवी सामायिक मनोरा म्हणजे सामायिक रेंज नव्हे.

हा वाद जुना आहे. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांनीही दर वाढवले. जिओचा २३९ चा रिचार्ज २९९ वर गेला. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत. तेव्हाही असेच उपदेश झाले, वर स्वाभिमानाची फोडणी. संताप रास्त होता. पण बीएसएनएलच्या देशी फोरजीची उभारणी तेव्हा चालू होती आणि देशभरातलं लोकार्पण सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. जिथे नवा मनोरा लागला होता तिथे लोक सुखी झाले. जिथे नव्हता तिथे थ्रीजी-टूजीवर ९० दिवस मोजत बसले. त्या कंपनीची निंदा करण्यासाठी मी हे सांगत नाही. काही दुर्गम वाड्यांवर तिच्यावाचून दुसऱ्या कुणाची रेंजच नाही. सरकारी चांगली की खाजगी, या भांडणात रेंजचा प्रश्न बुडवून टाकतात, त्याला माझा विरोध आहे. रेंज जागेची असते, आणि ती त्या जागेवरच बघावी लागते.

आणि चाचणीला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी २०१६ आठवावं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, सेवा महिनोन्महिने फुकट होती, आणि लोकांनी काय केलं? किती तरी जणांनी जुना नंबर पहिल्या खणात तसाच ठेवला, नवं सिम दुसऱ्या खणात घातलं, घरात-शेतात-गाडीत वापरून पाहिलं आणि मग काय ते ठरवलं. सामान्य माणसाला हे शहाणपण कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आता ते काढून घ्यायला निघालेत, तेही काटकसरीच्या नावाखाली.

काटकसरीचा हिशेब मी मांडतो. २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षाला तेरा रिचार्ज होतात. एका रिचार्जमागे ५० रुपये वाचले तर वर्षाचे ६५०. चाचणीला लागतो साधारण दोनशे-तीनशेचा एकच रिचार्ज. चाचणी पास झाली तर तो काही महिन्यांत भरून निघतो, आणि नापास झाली तर तेवढ्याच पैशांत ९० दिवसांचा मनस्ताप टळतो.

चाचणी कशी करावी, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. नव्या कंपनीचं सिम आपल्याच नावावर घ्यावं आणि ज्या फोनमध्ये पुढे वापरायचं त्याच फोनच्या दुसऱ्या खणात घालावं. डेटा त्या सिमवर ठेवावा आणि फोन आपणहून सिम बदलतो ती सोय बंद करावी. घरचं वायफाय आणि वायफाय कॉलिंगही बंद करावं, नाहीतर घरचा फायबरच पास होईल आणि श्रेय नव्या सिमला जाईल. मग जिथे आपलं जगणं चालतं तिथे बघावं: स्वयंपाकघर, झोपायची जागा, दुकानाचा गल्ला, रोजची लोकल किंवा एसटीचा रस्ता, आणि गाव. कॉल लावून बघावाच, पण दुसऱ्याला आपल्याला लावायला सांगावा. येणारा कॉलच जास्त फसवतो. बोलताना खोलीतून खोलीत जावं. डेटा रात्री आठ ते दहाच्या गर्दीत तपासावा. नुसत्या दांड्यांवर न जाता फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा बघावा. तो उण्यात असतो, फोरजीवर उणे ८५-९० च्या आसपास उत्तम, उणे ११० च्या पलीकडे घसरला की आवाज तुटायची तयारी ठेवावी. कोकणात राहत असाल तर वीज गेल्यावर मनोरा किती वेळ टिकतो तेही बघावं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिथली किती तरी गावं दिवसेंदिवस संपर्काबाहेर होती.

अमेरिकेत टी-मोबाइल आणि व्हेरायझन ई-सिमवर ठरावीक दिवसांची फुकट चाचणी देतात. मूळ नंबर जागचा हलत नाही. आपल्याकडे ट्रायने ही सोय सर्व कंपन्यांना सक्तीची करायला हवी. २०११ मध्ये देशभर नंबर पोर्ट करायचा हक्क मिळाला, तो वापरण्याआधी पारखून बघायचा हक्क अजून राहिलाय.

निकाल पास आला तर प्लॅनची मुदत संपत आली की १९०० वर एसएमएस करून कोड घ्यावा. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. नंबर एखाद्या रात्री काही तास बंद राहील, बँकेचं आणि यूपीआयचं काम त्याआधी उरकावं. निकाल नापास आला तर जुन्या कंपनीतच राहून पैसे वाचवायची वाट आहे. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या दुरुस्तीनंतर फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले रिचार्ज कंपन्यांना द्यावे लागतात. खांबाला टांगलेल्या त्या फोनला रोजचा दीड जीबी डेटा कधीच नको होता. मुलाने आईसाठी तो रिचार्ज दुकानदाराकडे नाव घेऊन मागावा, कारण दुकानदार तो आपणहून दाखवेलच असं नाही.