चाकांवरचा संसार, वल्ह्याखालचे पाणी

कॅरव्हॅनमध्ये कायमचे राहायला गेलेल्या जोडप्याचे पहिले महिने प्रवासापेक्षा हिशेबात जास्त जातात. टाकीत पाणी किती उरले, बॅटरी किती भरली आहे, शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची आणि आजचा मुक्काम कुठे, हे चार प्रश्न रोज सकाळी उभे राहतात. टपावर कयाक बांधलेली असेल तर पाचवा प्रश्न येतो: जवळपासचे कोणते पाणी वल्हवण्याजोगे आहे? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात पहिल्या चारांची उत्तरे थोड्या खटपटीने मिळतात. पाचवा प्रश्न मात्र अवघड आहे. इथे पाणी पुष्कळ आहे, पण त्यातले बरेचसे एकतर पिण्यासाठी आणि कारखान्यांसाठी राखलेले आहे, नाहीतर बिघडलेले आहे.

सुरुवात गाडीपासून होते. भारतात बहुतेक कॅरव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या लांब व्हॅनवर बांधून घेतल्या जातात. अशा वाहनांच्या सुरक्षिततेसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४च्या वर्गवारीनुसार बिगर-परिवहन वाहनांत मोडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत परस्पर करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केले. म्हणून आधी आराखडा, मग परवानगी आणि शेवटी सुतारकाम हा क्रम पाळावा लागतो. या तिन्ही शहरांतल्या गाड्यांची नोंदणी कल्याणच्या परिवहन कार्यालयात, ‘एमएच-०५’ या क्रमांकाखाली होते.

आतल्या कामासाठी लागणारे प्लायवुड, फोम, बिजागऱ्या आणि कारागीर उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात हाताशी आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनी जे उद्योग उभारले, त्यातूनच हे शहर आणि त्याच्या बाजारपेठा वाढल्या. मात्र घरातले कपाट आणि गाडीतले कपाट यांत फरक असतो. खड्ड्यांतून जाताना खिळे सैल होतात, म्हणून जोड स्क्रू आणि गोंदाने पक्के करतात. प्रत्येक दाराला आणि खणाला अडकण लागते. जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये ठेवल्या नाहीत तर वळणावर गाडी झुकते. नोंदणीपत्रात लिहिलेले एकूण वजन ही शेवटची मर्यादा असते, आणि त्यात माणसे, भरलेली पाण्याची टाकी, बॅटऱ्या, कपडे, भांडी आणि कयाक असे सगळे धरावे लागते. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, हा हिशेब सुरुवातीला हमखास निसटतो.

पाण्याचा हिशेब सगळ्यांत आधी शिकावा लागतो. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दिवसाला १३५ लिटर धरून केले जाते. म्हणजे दोघांचे २७० लिटर होतात, आणि व्हॅनमधली टाकी साधारण १०० लिटरची असते. नेहमीच्या सवयी चालू ठेवल्या तर ती दुपारपर्यंतही पुरणार नाही. पिणे आणि स्वयंपाक १० लिटर, भांडी १०, दोघांची अंघोळ २० आणि किरकोळ ५ असे ४५ लिटरांवर आणले तर तीच टाकी दोन दिवस जाते. त्यासाठी ताटे आधी कागदाने पुसून घेतात, अंघोळीला शॉवरऐवजी तांब्या वापरतात आणि कपडे गावातल्या लाँड्रीत देतात. पिण्याचे पाणी २० लिटरच्या वेगळ्या जारमध्ये ठेवले की मोठ्या टाकीत कुठले पाणी भरले याची धास्ती राहत नाही.

विजेचे गणित त्यामानाने सरळ आहे. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या लिथियम बॅटरीत सुमारे १.२८ युनिट वीज मावते. छोटा फ्रीज दिवसाला साधारण अर्धे युनिट घेतो. पंखे, दिवे, फोन आणि लॅपटॉप मिळून तेवढेच लागते. टपावर ४०० वॉटचे सौर पॅनेल असतील तर स्वच्छ उन्हात दीड युनिटाच्या आसपास वीज मिळते. जुलैच्या ढगांत ती तिसऱ्या हिश्श्यावरही येते, तेव्हा इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा चार्जर बसवून घ्यावा लागतो. एक टनाचा एसी मात्र तासाला युनिटभर वीज खाऊ शकतो, म्हणजे तासा-सव्वा तासात बॅटरी संपली. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या, टपावरचा हवा ओढणारा पंखा आणि झाडाची सावली यांच्यावरच भिस्त असते. सावलीत गाडी लावली की पॅनेल थंडावते आणि उन्हात लावली की माणसे शिजतात, म्हणून सुट्या वायरीचे, बाहेर मांडता येणारे पॅनेल सोयीचे पडते.

गॅस आणि शौचालय या दोन गोष्टींत चुकीला माफी नसते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर वायू जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद असावा लागतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र लागते. दोघांना पाच किलोचा सिलिंडर पुरतो आणि तो बांधून ठेवायलाही सोपा असतो. सुट्या टाकीच्या शौचालयात साधारण २० लिटर मावतात, म्हणजे दोघांचे तीनेक दिवस. ती टाकी मलवाहिनीला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच रिकामी करायची असते. नाल्यात, शेताच्या बांधावर किंवा नदीकाठी ती ओतणे म्हणजे ज्या पाण्यात उद्या उतरायचे तेच आज नासवणे.

मुक्कामाची जागा हा रोजचा, आणि बऱ्याचदा संध्याकाळी सुटणारा प्रश्न. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना त्यात आहे. अशा जागा अजून मोजक्या आहेत, त्यामुळे शेतघरे, कृषी पर्यटन केंद्रे, ढाबे आणि ओळखीच्यांची अंगणे यांवरच भर राहतो. तिन्ही शहरांच्या गल्ल्यांत मोठी गाडी रात्रभर उभी करणे कठीणच. बदलापूरच्या पुढे कर्जतच्या किंवा मुरबाडच्या दिशेने जागा मोकळी होत जाते. गावाच्या हद्दीत थांबताना जमीनमालकाची संमती घ्यावी आणि पोलीस पाटलाला कल्पना द्यावी. अनोळखी गाडी दोन रात्री एकाच जागी दिसली की चौकशी होते, आणि ती होणे रास्तही आहे. कागदोपत्री मात्र स्थिर पत्ता लागतोच. मतदार यादी, बँक, विमा आणि गाडीची नोंदणी यांना चाकांवरचा पत्ता चालत नाही, म्हणून आई-वडिलांचे किंवा भावंडांचे घर कामी येते.

हे सगळे थोडे रुळले की कयाक खाली उतरते. कयाकचे तीन प्रकार जोडप्यांच्या उपयोगाचे आहेत. वर बसायची उघडी कयाक उलटली तरी पुन्हा चढता येते, म्हणून शिकाऊंना ती बरी. आत पाय घालून बसायची कयाक वेगाला आणि लाटांना चांगली, पण उलटल्यावर तिच्यातून बाहेर पडण्याचा सराव आधी करावा लागतो. हवा भरायची कयाक गुंडाळून पलंगाखाली मावते. बाभळीचे काटे, खडकांच्या धारा आणि ऊन हे तिचे वैरी. प्लॅस्टिकची एकट्याची कयाक वीस-पंचवीस किलोंची असते. ती टपावर चढवायला दोन माणसे लागतात, आणि गाडीची उंची वाढल्यामुळे रेल्वेखालच्या भुयारी मार्गांवरची पाटी वाचूनच आत शिरावे लागते.

आता पाण्याकडे. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करत कल्याणपाशी खाडीला मिळते. लांबी सुमारे सव्वाशे किलोमीटर. सह्याद्रीतल्या इतर छोट्या नद्यांसारखी ती उन्हाळ्यात आटत नाही, आणि याचे कारण विजेत आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्रा धरणाचे पाणी कर्जतजवळच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली येते आणि उल्हासच्या खोऱ्यात सोडले जाते. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. बदलापूरजवळ बारवीचे पाणीही उल्हासला मिळते. औद्योगिक विकास महामंडळ ते जांभूळच्या बाजूला उचलते, तर जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बॅरेजवरून अंबरनाथ-बदलापूरसाठी पाणी घेते. म्हणजे ही नदी जितकी निसर्गाची तितकीच पाणीपुरवठा योजनांची आहे, आणि तिच्यातली अनेक ठिकाणे खेळासाठी खुली नाहीत.

पाण्याची प्रत वरून खाली घसरत जाते. कर्जतच्या वरच्या अंगाला ते तुलनेने बरे असते. पुढे कर्जत, नेरळ आणि बदलापूरचे सांडपाणी मिसळते, आणि उल्हासनगरचा खेमानी नाला नदीला मिळतो त्या भागात प्रकरण हाताबाहेर जाते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते आणि रायते-मोहने भागात नदीवर हिरवी गादी पसरते. तिच्यात वल्हे अडकते आणि खालचे काही दिसत नाही. मोहने ते बदलापूर हा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आला होता. वालधुनी तर सरळ वर्ज्यच. काकोळेच्या डोंगराकडून येणारी ही नदी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि मग औद्योगिक वसाहत व उल्हासनगर पार करते. २०१४ मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनातून निघालेल्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. बारवी आणि चिखलोली ही धरणे पाणीपुरवठ्याची आहेत. तिथे परवानगीशिवाय कयाक उतरवता येत नाही.

म्हणून या पट्ट्यातली गाडी वल्हवण्यासाठी घाटाकडे किंवा समुद्राकडे निघते. शंभरएक किलोमीटरवरचे कोलाड हा पहिला थांबा. तिथल्या कुंडलिकेलाही वीजच पाणी पुरवते. मुळशीचे पाणी भिरा केंद्रात, १९२७ पासून, जनित्रे फिरवून खाली येते आणि नदीत सोडले जाते. त्यामुळे मे महिन्यातही तिथे राफ्टिंग आणि खळाळत्या पाण्यातली कयाकिंग चालते. पाणी सोडण्याची वेळ वीजनिर्मितीवर ठरते, म्हणून सकाळची चौकशी चुकवून चालत नाही. संथ पाण्यासाठी भंडारदऱ्याचा किंवा पवनेचा जलाशय आहे, खाडीसाठी तारकर्लीजवळची कर्ली आहे. खाडीत भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाताशी हवे. ओहोटीला विरुद्ध दिशेने वल्हवणारा दमतो आणि पाणी ओसरल्यावर चिखलात अडकतो.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत, पण सक्तीचे. लाइफ जॅकेट पाण्यात उतरण्यापूर्वीच घालून बांधायचे. कयाकमध्ये नुसते ठेवून उपयोग नाही. बंधाऱ्याजवळ जायचे नाही. वरून तो निरुपद्रवी दिसतो, पण सांडव्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि माणसाला व कयाकला तिथेच घोळवत ठेवते. अंगावर जखम असेल तर पावसाळी पाण्यात उतरायचे नाही, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. एकाने वल्हवायचे तेव्हा दुसऱ्याने परतीची वेळ आणि उतरायची जागा लिहून ठेवायची.

पावसाळ्यात या पट्ट्यात कयाक गुंडाळूनच ठेवावी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी आपत्ती प्रतिसाद दलाला रबरी होड्या आणाव्या लागल्या. जी नदी जानेवारीत गुडघाभर असते ती एका रात्रीत रेल्वेमार्ग बुडवते. नदीकाठचा मुक्कामही तेव्हा धोक्याचा. ठाणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि नद्यांच्या परिसरात मनाई आदेश काढते, आणि कोंडेश्वर व बारवीसारख्या जागा त्यात येतात. असे आदेश १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात.

पाणी आणि रस्ता दोघांत कसे वाटून घ्यावे याचा नमुना मुंबईच्या कौस्तुभ खाडे आणि शांजली शाही यांनी घालून दिला आहे. २०१५च्या अखेरीस निघून त्यांनी द्वारका ते कन्याकुमारी हा सुमारे तीन हजार किलोमीटरचा किनारा पार केला. कौस्तुभ समुद्रातून कयाकने आणि शांजली काठाने सायकलवरून. कॅरव्हॅनवाल्या जोडप्यालाही हाच क्रम लागू पडतो. कयाक प्रवाहाबरोबर खाली जाते, गाडी वरच राहते, म्हणून एकाने रस्त्याने गाडी उतरायच्या जागी आणावी लागते. दोघे एकाच वेळी पाण्यात गेले तर परतायला सायकल किंवा रिक्षा ठरवून ठेवावी लागते.

या पट्ट्यातून निघणाऱ्या जोडप्याचे वर्ष मग असे बसते. जून ते सप्टेंबर गाडी उंचावर, पक्क्या जमिनीवर. त्या काळात गळती शोधणे, बुरशी पुसणे आणि कागदपत्रे. ऑक्टोबरमध्ये जलाशयावर, संथ पाण्यात पहिला सराव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कर्जतच्या बाजूची शांत पात्रे, कोकणातल्या खाड्या आणि लांबचे मुक्काम. मार्चपासून उन्हाने बदलापूर तापू लागले की कोलाडचे खळाळते पाणी किंवा भंडारदऱ्याची उंची. पहिले वर्ष या चक्रातून गेले की किती पाणी, किती वीज आणि किती किलोमीटर लागतात याचा आकडा ठरतो, आणि पुढच्या वर्षाची बेगमी त्या आकड्यावर करता येते.