दगड तोरणमाळचा, आकडे गॉटिंगेनला

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात तोरणमाळच्या वाटेवर सातपुड्याचा काळा कातळ थराथरांनी उघडा पडलेला दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला हा लाव्हा. सह्याद्रीत ओळखलेले लाव्हाचे थर उत्तरेला सातपुड्यापर्यंत तेच आहेत का, हा दख्खनच्या भूशास्त्रातला जुना प्रश्न. त्यासाठी जॉन महोनी, हेतू शेठ, डी. चंद्रशेखरम आणि सहकाऱ्यांनी तोरणमाळच्या खडकांतली मूलद्रव्ये व समस्थानिके मोजली आणि २००० साली 'जर्नल ऑफ पेट्रॉलॉजी'त निष्कर्ष मांडले. काही थर सह्याद्रीशी जुळले, काही समस्थानिकांच्या कसोटीवर जुळले नाहीत. तो वाद अजून मिटलेला नाही. पण त्यात भाग घेण्यासाठी आज कोणालाही पुन्हा घाट चढून दगड फोडावा लागत नाही, कारण जगभरच्या खडकांची अशी विश्लेषणे 'गिओरॉक' या खुल्या संचात एकत्र केली जातात. मूळचा मॅक्स प्लांक संस्थेचा हा संच २०२१ पासून जर्मनीतले गॉटिंगेन विद्यापीठ सांभाळते. अमेरिकेतला 'अर्थकेम' त्याचाच सोबती. नंदुरबारच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही हे आकडे एक पैसा न भरता उतरवून घेता येतात.

अशा संचातली एक ओळ नीट पाहावी. नमुन्याचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, सिलिका किती टक्के, निकेल दशलक्षात किती भाग, स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर, मोजणीची पद्धत आणि मूळ निबंध. यातली पद्धतीची नोंद सर्वांत मोलाची. चांगली प्रयोगशाळा आपल्या नमुन्यांबरोबर प्रमाणित भुकटीही मोजते. बेसाल्टसाठी बहुधा हवाई बेटांवरच्या ज्वालामुखीची 'बीएचव्हीओ-२' ही भुकटी वापरतात. तिचे उत्तर बरोबर आले तरच पुढच्या आकड्यांवर भरवसा. एवढी शिस्त पाळली की मुंबईतला आकडा आणि होनोलुलूतला आकडा शेजारी ठेवता येतो, आणि पहिल्या अभ्यासकाच्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न वीस वर्षांनी दुसरा कोणी त्याच आकड्यांना विचारू शकतो.

हे सगळे खडकांच्या अभ्यासकांपुरते, असे समजण्याचे कारण नाही. नंदुरबार–धुळे पट्ट्यात लाव्हाच्या थरांना उभ्या चिरत गेलेल्या डाईक, म्हणजे खडकाच्या भिंती, आहेत. रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांच्या २००७ च्या अभ्यासात साडेचौदा हजार चौरस किलोमीटरमध्ये एक किलोमीटरहून लांब अशा २१० डाईकची नोंद आहे. जाडी ३ ते ६२ मीटर, सर्वांत लांब ७९ किलोमीटर, आणि बहुतेकींचा रोख पूर्व-पश्चिम. जमिनीखाली अशी भिंत पाणी अडवू शकते. तीच तडकलेली असेल तर पाणी धरते आणि वाहून नेते. शेजारच्या साक्री तालुक्यातल्या डाईक भूजलाचे साठे म्हणून उपयोगी पडतील का, याचाही अभ्यास झालेला आहे. बोअरसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला या डाईकचा नकाशा त्याच्या गावाच्या नावानिशी मिळायला हवा. आज तो शोधनिबंधांत अडकला आहे.

पाणी आणि माती यांचे आकडे तर सरकारच्याच घरात आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी तपासते, केंद्रीय भूजल मंडळ आपल्या विहिरी तपासते, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या प्रशिक्षित महिला साध्या संचाने पाणी तपासतात. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाशपासून जस्त आणि बोरॉनपर्यंत १२ घटक असतात. प्रत्येक खात्याचा तक्ता वेगळा, गावाच्या नावाचे स्पेलिंग वेगळे, अहवाल पीडीएफमध्ये. शहादा-तळोद्याच्या गाळाच्या जमिनीत ऊस, केळी, पपई घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मातीतली क्षारता आणि त्याच्याच विहिरीच्या पाण्यातला नायट्रेट एका पानावर येत नाही. हा दोष यंत्रांचा नाही. खात्यांनी एकमेकांशी बोलायचे ठरवले नाही, म्हणून हे घडते.

एकत्र केल्यावर काय साधते, याचा दाखला देशातच आहे. स्वित्झर्लंडच्या 'इआवाग' संस्थेतल्या जोएल पॉडगॉर्स्की आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या विहिरींची साडेबारा हजारांच्या आसपास फ्लोराइड मोजमापे घेतली, त्यांना भूस्तर, हवामान आणि मातीची माहिती जोडली आणि २०१८ मध्ये संपूर्ण देशाचा धोक्याचा नकाशा काढला. धोक्याच्या छायेत सुमारे १२ कोटी लोक येतात, असा त्यांचा अंदाज. विहिरी आपल्या, पाणी आपले. नकाशा मात्र झुरिकजवळ तयार झाला. त्यांनी केले ते उत्तमच केले. पण असे काम जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांत का होऊ नये?

आकडे उघड केले तर गावात घबराट होईल, अशी भीती अधिकारी बोलून दाखवतात. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडलेले पाणी आकडा झाकल्याने शुद्ध होत नाही, आणि बाटलीतून दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाला त्याचा त्रास आकड्याची वाट न पाहता होतो. विहीरमालकाचे नाव वगळावे. गाव, खोली, तारीख आणि मोजमाप द्यावे.

खरी काळजी दुसरी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूविज्ञान माहितीचे पोर्टल सुरू केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ओढ्यांच्या गाळातून गोळा केलेली भूरासायनिक माहितीही तिथे आहे. स्वागतार्ह पाऊल, पण त्यामागचा घोषित हेतू खनिजशोधाला वेग देण्याचा आहे. नंदुरबारमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि बहुतांश जिल्ह्याला आदिवासी क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. आपल्या डोंगराच्या पोटात काय आहे हे ग्रामसभेला कंपनीच्या आधी, निदान कंपनीबरोबर, मराठीत आणि शक्य तिथे भिली-पावरीत कळले पाहिजे. एकालाच वाचता येणारी खुली माहिती खुली म्हणता येत नाही.

जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीने यासाठी नवे कार्यालय उभारू नये. भूजल यंत्रणा, कृषी विभाग आणि पाणीपुरवठा विभाग यांनी एकच तक्ता ठरवावा: गावाचा जनगणना क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, पद्धत, प्रयोगशाळा. उपकरणाला घटक सापडला नाही तर शून्य न लिहिता 'मोजता येईल त्याहून कमी' असे लिहावे. शून्य लिहिण्याच्या एका चुकीने पुढची सगळी सरासरी बिघडते. कच्चे आकडे उतरवून घेता येतील अशा रूपात ठेवावेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी आपल्याच तालुक्याची माहिती द्यावी आणि त्यांचे निष्कर्ष ग्रामसभेत मांडायला लावावेत. पुढच्या मे महिन्यात निरीक्षण विहिरींचे पावसाळ्यापूर्वीचे नमुने घेतले जातील. त्याआधी हा तक्ता तिन्ही विभागांच्या सहीने निघाला पाहिजे.