एकाच सांच्याच्या सुधारणा

निरनिराळ्या मुलखांतील शेतकी खातीं एकच सुधारणा एकाच सुमारास कां स्वीकारितात, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं विचारांत घेण्याजोगें आहे. ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीचें उदाहरण घ्या. डॅनियल बेनॉर यांनीं ती मांडिली व जागतिक बँकेनें पुरस्कारिली. शेतकी सेवकानें दर पंधरवड्यास, ठरल्या दिवशीं, निवडक शेतकऱ्यांस भेटावें व त्यांनीं तो सल्ला इतरांस सांगावा, अशी ती योजना. भारतांत १९७४ च्या सुमारास चंबळच्या ओलिताच्या मुलखांत तिचा आरंभ झाला. पुढें ती पन्नासांहून अधिक देशांत पसरली.

ओलितास मानवली ती कोरडवाहूसही मानवेल, हें कोणीं पाहिलें होतें? डिमॅजिओ व पॉवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं अशा सारखेपणाचीं तीन कारणें दाखविलीं: वरचा दाब, मार्ग न सुचल्यास दुसऱ्याचें अनुकरण, व एकाच शिक्षणांत तयार झालेले अधिकारी. येथें कर्जाबरोबर आलेला दाब मुख्य, असें आम्हांस वाटतें. कर्ज संपतांच वाढलेल्या सेवकवर्गाचा खर्च अनेक ठिकाणीं झेपेनासा झाला.

अनुकरण सर्वथा त्याज्य नव्हे. शेजाऱ्याचें चांगलें बियाणें आपणही आणतों. पण आधीं एका वाफ्यांत पेरून पाहतों. म्हणून नवी योजना येतांच संघानें विचारावें: ती कोणत्या जमिनींत सिद्ध झाली, आणि अनुदान सरल्यावर खर्च कोण सोसणार? उत्तर मिळेपर्यंत ती एका तालुक्यापुरतीच असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.